सफारीचा तंबू कोणाच्या खांद्यावर?



आफ्रिकेच्या अरण्यात मुक्कामासाठी तंबू कोणता निवडावा, हा विषय कामगार चळवळीत जन्म घालविलेल्या माणसाने घ्यावा, याचे आपणांपैकी काहींना नवल वाटेल. परंतु आमच्या कळंब्याच्या तलावाकाठी सकाळी फिरावयास येणाऱ्या मंडळींच्या गप्पा ऐकल्या म्हणजे काळ किती पालटला हे कळते. पूर्वी पंढरपूर, गोकर्ण, फार तर काशी. आता केनिया आणि टांझानिया. कोणी बँकेतून निवृत्त झालेला, कोणी कारखान्यात पर्यवेक्षक असलेला, कोणाचा मुलगा परदेशी. सहल कंपन्यांची गुळगुळीत पत्रके हातोहात फिरतात, आणि त्यांत सिंहाच्या चित्राखाली एका तंबूचे चित्र असते : आत पलंग, पलंगावर शुभ्र चादर, पलीकडे न्हाणीघर, पुढे पडवी आणि पडवीत चहाची किटली.

या हौसेला नावे ठेवण्यासाठी आम्ही उभे राहिलेलो नाही. रजा हीसुद्धा लढून मिळविलेली वस्तू आहे. वर्षात २४० दिवस भरलेल्या कामगारास दर वीस दिवसांमागे एक दिवस भरपगारी रजा, ही तरतूद १९४८ च्या कारखाने कायद्याने झाली. त्यापूर्वी गिरणीतल्या माणसाची रजा म्हणजे आजारपण नाहीतर बेकारी. कष्ट करणाऱ्याने विसावा घ्यावा, जग पाहावे, यासाठीच ती लढाई होती. आमचे म्हणणे एवढेच की, तंबू निवडताना त्याचे कापड पाहण्याआधी त्याचा इतिहास पाहावा. तो इतिहास आपल्या घरापासून फार लांब नाही.

प्रथम शब्दच घ्या. ‘सफारी’ हा शब्द पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील स्वाहिली भाषेतला. त्याचे मूळ अरबी ‘सफर’, आणि तोच शब्द फारसीच्या वाटेने आपल्या मराठीत येऊन शिवकालापासून नांदतो आहे. स्वाहिलीत सफारी म्हणजे नुसता प्रवास; त्यात सिंहही नाही आणि बंदूकही नाही. अरबी समुद्राच्या दोन्ही काठांची देवघेव इतकी जुनी की, दुकानाला तिकडे ‘दुका’ म्हणतात, गाडीला ‘गारी’ म्हणतात आणि चपातीला चपातीच म्हणतात. आपल्याकडे मात्र सफारी हा शब्द आधी कपड्यांच्या शिंप्याकडे पोहोचला आणि कंत्राटदारांच्या अंगावर चढला. अरण्याचा अर्थ त्याला मागाहून आला.

पण अरण्यात तंबू ठोकून इतमामाने राहण्याची रीत आपल्या करवीर संस्थानात त्या शब्दाच्या आधीपासून होती. राजर्षी शाहू महाराजांनी १८९४ मध्ये राज्याधिकार हाती घेतला. त्यांना शिकारीचा मोठा शौक होता. सोनतळीचा कँप आपणा सर्वांस ऐकून ठाऊक आहे. दाजीपूर-राधानगरीचे दाट रान हे संस्थानचे राखीव शिकारीचे रान. राधानगरीतील हत्तीमहाल आणि शहरातील साठमारी त्या काळाची साक्ष देतात, आणि नव्या राजवाड्यातील संग्रहालयात भुसा भरून ठेवलेली जनावरे आपल्या मुलाबाळांनी पाहिलेली आहेत.

या शिकारींत एक प्रकार असा होता की, त्याने कोल्हापूरचा थेट आफ्रिकेशी संबंध जोडला. ती चित्त्याची शिकार. वाघ-बिबट्याची शिकार माणूस करतो. येथे चित्ताच माणसासाठी काळविटाची शिकार करी. चित्त्याच्या डोळ्यांवर चामड्याची टोपी चढवून त्याला गाडीवर बसवीत. हरणे पायी माणसाला बुजतात, पण गाडीला तितकी बुजत नाहीत. म्हणून गाडी वळणे घेत कळपाजवळ नेत. मग टोपी काढावयाची, दोर सोडावयाचा, आणि पुढचा खेळ अर्ध्या-एक मिनिटाचा. चित्त्याने काळवीट दाबले की चित्तेवान धावत जाऊन सावजाचे रक्त वा मांस त्याच्यापुढे धरी, आणि तो खाण्यात गुंतला असता पुन्हा टोपी चढवी. राजेसाहेब आणि पाहुणे शिकार पाहत. रानटी जनावराच्या तोंडाशी हात नेणारा मात्र चित्तेवान असे.

पिंजऱ्यातला चित्ता सहसा वीत नाही. त्यामुळे दरबारचा प्रत्येक चित्ता रानातून धरूनच आणावा लागे. शेकडो वर्षे धरून धरून, माळराने नांगराखाली जाऊन आणि बंदुकीने मारून हिंदुस्थानातला चित्ता विरळ झाला. तेव्हा संस्थानिकांनी आफ्रिकेकडे तोंड वळविले. १९१८ ते १९४५ या काळात सुमारे दोनशे चित्ते आफ्रिकेतून हिंदुस्थानात आणले गेले, आणि ते आणविणाऱ्या दरबारांत भावनगर व कोल्हापूर ही नावे ठळक आहेत. भावनगरचे भावसिंहजी आणि शाहू महाराज हे राजकोटच्या राजकुमार कॉलेजातले सहाध्यायी; हा शौकही त्या स्नेहातलाच. राजाराम महाराजांच्या कारकिर्दीतही कोल्हापूरची चित्त्याची शिकार देशोदेशींच्या पाहुण्यांना दाखविण्याची गोष्ट होती. आज कोल्हापूरची माणसे चित्ता पाहावयास आफ्रिकेत जातात. शंभर वर्षांपूर्वी आफ्रिकेचा चित्ता बोटीतून कोल्हापुरास येत होता.

आता या शिकारीच्या तळाची दुसरी बाजू पाहू. राजाचा तंबू आपणहून रानात जात नसतो. वाट तोडावी लागते, पाणी भरावे लागते, जनावरांना वैरण, माणसांना लाकूडफाटा. आणि मोठ्या शिकारीस हाका लागतो. ढोल-डबे वाजवीत, आरोळ्या ठोकीत, रांग धरून जंगल विंचरीत जाणारे शेपन्नास गावकरी, समोर मचाणावर बंदूक घेतलेला पाहुणा, आणि मध्ये बिथरलेले जनावर. ते मागे उलटले तर पहिले कोणावर येणार, हे सांगावयास नको. देशभरच्या संस्थानांत हा हाका आणि हे ओझे बहुधा वेठीने चाले, आणि संस्थानी प्रजेच्या गाऱ्हाण्यांत शिकारीची वेठ हे एक ठरलेले कलम असे.

येथेच शाहू महाराजांचे वेगळेपण आहे, आणि ते नीट तोलून सांगितले पाहिजे. ते शिकारी होते, ही गोष्ट झाकण्याचे कारण नाही. परंतु ज्या रानात इतर राजांना फक्त सावज दिसले, त्या रानात त्यांना माणसे दिसली. ज्या फासेपारध्यांना सरकार जन्मजात गुन्हेगार समजे, त्यांना त्यांनी जवळ केले, राहावयास जागा दिली, पहाऱ्याचे विश्वासाचे काम दिले. गुन्हेगार ठरविलेल्या जातींची रोजची हजेरी त्यांनी १९१८ मध्ये बंद केली, त्याच वर्षी महारवतने मोडली, आणि कारकिर्दीच्या अखेरच्या काळात वेठीला कायद्याने बंदी केली. शिकारीचा तळ चालविणाऱ्या राजानेच वेठ बंद करावी, हा विरोधाभास खरा. पण तळावर कोण राबतो हे त्याने डोळे उघडे ठेवून पाहिले, म्हणूनच ते त्याच्या हातून झाले.

आता समुद्र ओलांडू. आफ्रिकेतही आधी तळ होता आणि तळाखाली खांदे होते. तिकडच्या बऱ्याच मुलखात त्से-त्से नावाच्या माशीमुळे बैल-घोडे जगत नाहीत. म्हणून किनाऱ्यापासून आत जाणारा सारा माल माणसांच्या डोक्यावर जाई. हमालाला स्वाहिलीत ‘म्पगाझी’ म्हणतात. त्याच्या ओझ्याचे माप साठ पौंड, म्हणजे सुमारे सत्तावीस किलो, असे ठरलेले होते. हस्तिदंतही त्याच मापाने चाले आणि साहेबाचा तंबू, खुर्ची, न्हाणीचा टबही त्याच मापाने.

मग आगगाडी आली. मोंबासापासून व्हिक्टोरिया सरोवरापर्यंतचा युगांडा रेल्वेचा मार्ग १८९६ ते १९०१ या काळात झाला, आणि तो बांधावयास हिंदुस्थानातून करारावर सुमारे बत्तीस हजार कामगार नेण्यात आले. त्यांत पंजाबचे लोक फार. त्यांतले सुमारे अडीच हजार तेथेच मेले. १८९८ मध्ये त्सावो नदीच्या पुलावर दोन सिंहांनी या कामगारांना तंबूंतून ओढून नेण्यास आरंभ केला, आणि हे सत्र काही महिने चालले. काटेरी कुंपणे घातली, ती सिंहांनी भेदली. अखेर डिसेंबरात शेकडो कामगार कामाची हत्यारे टाकून किनाऱ्याकडे जाणाऱ्या गाडीत चढले. आम्ही जिवासाठी नव्हे, पगारासाठी आलो होतो, असे त्यांच्या कृतीने बजावले, आणि राहण्याची सुरक्षित सोय होईपर्यंत सुमारे तीन आठवडे काम ठप्प झाले. ते सिंह मारणारा इंजिनियर पॅटर्सन याचे पुस्तक जगभर खपले. सिंह शिकागोच्या संग्रहालयात जाऊन बसले. पण या कथेतला कामबंदचा अध्याय आमच्या लेखी सिंहांइतकाच मोठा आहे. आज पाहुणे ज्या त्सावोत सिंहाची डरकाळी तंबूतून ऐकण्यासाठी पैसे मोजतात, तेथे आपली माणसे तीच डरकाळी कापडाच्या भिंतीआडून ऐकत होती, आणि त्यांना निवड नव्हती.

रेल्वेच्या तळातून १८९९ मध्ये नैरोबी उभी राहिली, आणि थोड्याच वर्षांत ती श्रीमंत शिकाऱ्यांची पेठ झाली. अमेरिकेचे माजी अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट १९०९ मध्ये तेथे उतरले. त्यांच्या तांड्यात सुमारे अडीचशे हमाल व नोकर होते. घोड्याच्या चाकराला तेथेही ‘सईस’च म्हणत. रूझवेल्ट व त्यांचा मुलगा यांनी मिळून पाचशेंवर जनावरे मारली. त्यांनी बरोबर डुकराच्या कातड्यात बांधलेली निवडक पुस्तकेही नेली होती. त्या ग्रंथसंग्रहाचे वजन साठ पौंड. म्हणजे बरोबर एका माणसाचे ओझे. वाचणारा एक आणि वाहणारा दुसरा! रात्रशाळेत आणि सार्वजनिक वाचनालयात चार अक्षरे मिळविलेल्या आमच्यासारख्यांना ती पेटी त्या पाचशे जनावरांपेक्षा अधिक सांगून जाते.

पुढे पहिल्या महायुद्धात याच हमालांना सक्तीने लष्कराच्या ओझ्याखाली घातले आणि ते हजारोंनी रोगाने व उपासमारीने मेले. त्या ‘कॅरियर कोअर’चा अपभ्रंश होऊन नैरोबीच्या एका भागाचे नाव ‘करिओकोर’ असे राहिले आहे. युद्ध संपल्यावर मोटारी आल्या, हमाल कमी झाले, आणि १९२८ मध्ये खुद्द इंग्लंडचे युवराज शिकारीस आले. सुखसोयींनी नटलेल्या तळाचे जे चित्र आजच्या पत्रकात दिसते, कंदील, पांढरे टेबलक्लॉथ, शेकोटीभोवती खुर्च्या, ते याच काळातले. म्हणजे जो थाट आज ‘जुन्या जमान्याचा आनंद’ म्हणून विकला जातो, तो परक्या राज्याचा थाट आहे, हे लक्षात ठेवावे.

त्या राज्याविरुद्ध उभे राहणाऱ्यांत आपली माणसेही होती, याचा अभिमान बाळगावा. पंजाबात जन्मलेले मक्खन सिंग यांनी १९३५ मध्ये नैरोबीत कामगार संघटना बांधली, तिची दारे सर्व वर्णांच्या कामगारांना उघडी ठेवली, १९४० मध्ये हिंदुस्थानात अटक भोगली, आणि परत जाऊन १९५० मध्ये केनियाच्या पूर्ण स्वातंत्र्याची जाहीर मागणी केली. त्याबद्दल ब्रिटिशांनी त्यांना १९६१ पर्यंत स्थानबद्धतेत ठेवले. आणि आपल्या शेजारच्या औंध संस्थानचे राजपुत्र अप्पासाहेब पंत हे १९४८ ते १९५४ पर्यंत स्वतंत्र भारताचे आयुक्त म्हणून नैरोबीत होते. आफ्रिकी पुढाऱ्यांशी त्यांनी ठेवलेला स्नेह गोऱ्या वसाहतवाल्यांना फार खुपला. केनिया १९६३ मध्ये स्वतंत्र झाला, आणि १९७७ मध्ये तेथे शिकारीवर बंदी आली. बंदुकीच्या जागी कॅमेरा आला. तंबू मात्र तोच राहिला.

जनावरांचा जीव वाचला, ही मोठीच गोष्ट. पण जनावरांसाठी राखलेल्या जमिनीवर जी माणसे गुरे चारीत होती, त्यांचे काय? सेरेंगेटीचे राष्ट्रीय उद्यान १९५१ मध्ये झाले, आणि १९५९ मध्ये तेथील मसाई लोकांना बाहेर काढून न्गोरोन्गोरोकडे पाठविले. ज्यांनी शतकानुशतके वन्य जनावरांशेजारी गुरे राखली, तेच उपरे ठरले. हा प्रश्न मिटलेला नाही. जून २०२२ मध्ये सेरेंगेटीलगतच्या लोलिओन्दो भागात सुमारे दीड हजार चौरस किलोमीटर जमिनीच्या हद्दी आखताना मसाई व पोलीस यांच्यात चकमक झाली आणि रक्त सांडले. म्हणून पत्रकात ‘निर्मनुष्य अरण्य’ असे शब्द दिसले की विचारावे : ते मुळात निर्मनुष्य होते, की केले गेले?

यावर उपाय निघू शकतो, हेही आफ्रिकेनेच दाखविले आहे. नामिबियाने १९९६ मध्ये कायदा करून गावसमाजांना आपल्या भागातील वन्य जीवांवर आणि पर्यटनावर हक्क दिले. डमारालँड येथील एक प्रसिद्ध तळ स्थानिक समाज आणि कंपनी यांच्या करारातून उभा आहे. उत्पन्नात समाजाचा वाटा ठरलेला. केनियात मसाई मारा राखीव क्षेत्राच्या कडेला मसाई जमीनमालकांनी आपले तुकडे एकत्र करून ते तळचालकांना भाड्याने दिले आहेत. नाबोइशो हा असाच भाग २०१० पासून चालू आहे. पाहुणे येवोत न येवोत, जमिनीचे भाडे ठरलेले. तेथे तंबूंची संख्या मर्यादित, मोटारींची गर्दी कमी, आणि मुख्य राखीव क्षेत्रात ज्याला मनाई ती रात्रीची फेरी व पायी भटकंतीही मिळते. यातही खाचखळगे आहेत. गुरे चारण्यावर बंधने येतात, ज्याच्या नावावर जमीन नाही त्याला भाडे मिळत नाही, आणि २०२० च्या साथीत पाहुणे थांबले तेव्हा भाडे देणेही जड गेले. तरी वेठ आणि करार यांत जो फरक आहे, तो येथे आहे.

तेव्हा निवड कशी करावी? जुलै ते ऑक्टोबर हे महिने मारा नदीवरील वाइल्डबीस्टच्या स्थलांतराचे, म्हणून गर्दीचे व महागाईचे. परत येताना पीतज्वराच्या लशीचा दाखला लागतो, आणि ती लस प्रवासाआधी किमान दहा दिवस घ्यावी लागते. लहान विमानात बहुधा पंधरा किलोच सामान, तेही मऊ पिशवीत. पूर्वी हमालाला सत्तावीस किलो होते, आज पाहुण्याला पंधरा! या गोष्टी सहल कंपनी आपणहून सांगेल. ती जे सांगणार नाही, ते आपण विचारावे. तळ कोणाच्या जमिनीवर आहे आणि त्या मालकाला काय मिळते? वाटाड्या, आचारी, मोटारचालक त्याच भागातले आहेत काय, आणि वरच्या जागांवर त्यांच्यापैकी कोणी पोहोचला आहे काय? अशा दूरच्या तळांवर माणसे आठवडेच्या आठवडे सलग राबून मग घरी जातात. त्यांना पगारी रजा आहे काय? बक्षिसी पगाराच्या वर आहे, की पगाराच्या जागी? पाणी कोठून येते, आणि शेजारच्या वस्तीच्या विहिरीला ते पुरते काय?

आमच्या वर्गातले कोणी म्हणतील, महागडे तळ श्रीमंतांचे, आपण स्वस्तातले घ्यावे. आम्हांला हे सरसकट पटत नाही. स्वस्त खोलीचा भाव पुष्कळदा कोणाच्या तरी पगारातून कापलेला असतो, आणि एका सिंहाभोवती तीस मोटारी उभ्या राहतात. उलट महाग म्हणजे न्याय्य, असेही नाही. पलंगावरच्या चादरीचा शुभ्रपणा धुणाऱ्याच्या मजुरीबद्दल काही सांगत नाही. दोन दिवस कमी राहावे, पण हिशेब उघड सांगणाऱ्याकडे राहावे, असे आमचे मत आहे.

आणि हेच प्रश्न घराजवळही विचारावेत. संस्थानचे ते शिकारीचे रान १९५८ मध्ये दाजीपूरचे गवा अभयारण्य झाले. महाराष्ट्रातले ते पहिले. आज राधानगरी अभयारण्य म्हणून ते सुमारे ३५१ चौरस किलोमीटर पसरले आहे, आणि २०१२ पासून पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात त्याची गणना होते. तेथे गवा पाहून आपण आनंदाने घरी येतो. तोच गवा रात्री ज्याच्या उसात शिरतो, त्याला भरपाई वेळेवर मिळाली काय, हे आपण विचारीत नाही. भारतातला चित्ता १९५२ मध्ये नामशेष ठरला. १७ सप्टेंबर २०२२ रोजी नामिबियातून आठ चित्ते मध्य प्रदेशातील कुनोच्या रानात आले, आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये दक्षिण आफ्रिकेतून आणखी बारा. या खेपेस त्यांच्या डोळ्यांवरची टोपी कायमची उतरली. पण त्या रानासाठी ज्यांची गावे उठली, त्यांच्याकडेही तितक्याच उघड्या डोळ्यांनी पाहिले पाहिजे.

शाहू महाराजांची जयंती आपण दरवर्षी साजरी करतो. त्यांच्या शिकारीचे किस्से सांगतो, तेही सांगावेत. पण त्यांच्याकडून घ्यावयाची गोष्ट बंदुकीच्या नेमाची नव्हे, नजरेची आहे. तळावर बसलेल्या राजाला हाका घालणारा माणूस दिसला. आपण राजे नाही. रजेचे चार दिवस आणि साठविलेले चार पैसे एवढेच आपले राज्य. त्या चार दिवसांत सकाळी जो तंबूत चहा घेऊन येईल, त्याला त्याच्या नावाने हाक मारावी, त्याचे गाव कोणते ते विचारावे, आणि मग सिंह पाहावयास निघावे.